जुना फ्यूज बोर्ड काढून एमसीबीचा डीबी (जास्त प्रवाहाला आपोआप पडणारे, म्हणजे बंद होणारे स्विच असलेली पेटी) बसवायचा आहे. तीन कोटेशन आली, पण तिघांचा मेळ लागत नाही

पूर्वडोंबिवली

नमस्कार. डोंबिवली पूर्वेला १९८४ साली बांधलेल्या आमच्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर माझे आईवडील राहतात. दाराच्या वर अजूनही मूळचाच लाकडी बोर्ड असून त्यावर लोखंडी मेन स्विच आणि चिनी मातीचे चार किटकॅट फ्यूज आहेत. घर घेतले तेव्हा दिवे, पंखे, एक फ्रीज आणि इस्त्री एवढाच काय तो भार होता. आज त्याच चार फ्यूजवर पंचवीस लिटरचा गीझर, दीड टनाचा एसी, वॉशिंग मशीन, मायक्रोवेव्ह आणि इन्व्हर्टर चालतो. अलीकडे गीझर लावला की बोर्डापाशी किंचित जळका वास येऊ लागला, म्हणून मेन बंद करून होल्डर बाहेर काढला, तर त्याची एका बाजूची पितळी पकड काळी पडलेली होती आणि आत फ्यूज वायरऐवजी साध्या वायरचे दोन-तीन पिळलेले धागे कोणीतरी घालून ठेवले होते. गीझर तेव्हापासून बंदच ठेवला आहे.

बोर्ड बदलण्यासाठी तीन ठिकाणी विचारले. त्यांची उत्तरे अशी :

पहिले इलेक्ट्रिशियन आमच्याच इमारतीत वर्षानुवर्षे कामे करतात. त्यांनी मोबाइलवर एका ओळीत कळवले, "डीबी, एमसीबी, फिटिंगसह ८,५००." ईएलसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) घालणार का, असे विचारल्यावर त्यांचे म्हणणे पडले की जुन्या वायरिंगवर तो टिकत नाही, सारखा पडतो आणि मग लोक आम्हालाच बोलावतात.

दुसरे परवानाधारक ठेकेदार असून त्यांनी लेटरहेडवर १९,४०० रुपयांचे कोटेशन दिले आहे. त्यात आठ वेचा (आठ सर्किटांचा) दुहेरी दाराचा डीबी, ६३ अँपिअरचा आयसोलेटर (मेन स्विच), ४० अँपिअर आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (म्हणजे तोच ईएलसीबी), आठ एमसीबी आणि मजुरी धरलेली आहे. जीएसटी वेगळा. शेवटी बारीक अक्षरात असेही लिहिले आहे की वायरिंगमध्ये दोष आढळल्यास त्याचे पैसे निराळे पडतील.

तिसरे मोठी कामे घेणारे आहेत. त्यांनी घर पाहून ४६,००० सांगितले. खालच्या मीटर केबिनपासून वरपर्यंतची मेन लाइन दहा चौरस मिलिमीटर तांब्याची टाकणे, गीझर आणि एसीला प्रत्येकी स्वतंत्र चार चौरस मिलिमीटरची लाइन, नवी अर्थिंग वायर, डीबी आणि विजेच्या लाटेपासून संरक्षण देणारा एसपीडी असे सगळे त्यात येते.

एकाच बोर्डासाठी ८,५०० आणि ४६,००० यांत एवढे अंतर कसे, हे मला उमगत नाही. आरसीसीबीबद्दल पहिल्यांचे म्हणणे खरे मानावे का? तिसऱ्यांनी सांगितलेले सगळे आत्ताच करणे भाग आहे का, की ते फक्त काम वाढवत आहेत? वडिलांचे वय पाहता घर महिनाभर उकरून ठेवणे शक्य नाही, हेही विचारात घ्यावे.

---

निवृत्त देखभालवाला

तिघांनी एकाच कामाचे तीन दर दिलेले नाहीत, तर तीन निरनिराळ्या कामांचे दर दिले आहेत, त्यामुळे आकड्यांची तुलना तूर्त बाजूला ठेवा. पहिल्यांनी पेटी बदलण्याचे सांगितले, दुसऱ्यांनी पेटीसोबत माणसाला विजेचा झटका बसू नये याची व्यवस्था धरली आणि तिसऱ्यांनी पेटीला येणाऱ्या व तिच्यातून निघणाऱ्या तारांचाही विचार केला. तुमच्या घराला यांपैकी काय हवे आहे, हे तारा तपासल्याशिवाय मला, तुम्हाला किंवा त्या तिघांनाही सांगता येणार नाही, आणि तुमच्या वर्णनावरून पाहता मोजमाप कोणीच केलेले दिसत नाही.

एमसीबी हा तारेच्या रक्षणासाठी असतो, उपकरणाच्या नव्हे. म्हणून एमसीबी किती अँपिअरचा हे भिंतीत असलेल्या तारेवरून ठरते. सर्वसाधारण घरात दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेला दहा अँपिअर, अडीचला सोळा आणि चारला वीस ते पंचवीस, असा सुरक्षित हिशेब धरतात. तुमचा दोन किलोवॉटचा गीझर २३० व्होल्टला जेमतेम नऊ अँपिअर घेतो. म्हणजे खुद्द गीझर हा काही मोठा राक्षस नव्हे. काळजीची गोष्ट ही की तो कोणत्या जाडीच्या तारेवर आहे आणि त्याच तारेवर आणखी काय जोडलेले आहे, याचा पत्ता नाही. पिळलेले धागे घालून फ्यूज "मजबूत" केला की तारेचे रक्षण संपले, कारण आता फ्यूजच्या आधी तारच तापणार.

यातच एक गोष्ट सांगून ठेवतो, म्हणजे पुढे इलेक्ट्रिशियनला उगाच दोष जाणार नाही. किटकॅट फ्यूज हा मुळातच ढिला गडी आहे. त्यावर लिहिलेल्या आकड्याच्या जवळजवळ दुप्पट प्रवाह गेल्याशिवाय तो चटकन वितळत नाही. एमसीबीचे प्रमाण त्याहून कडक असून लिहिलेल्या आकड्याच्या १.४५ पट प्रवाह टिकून राहिला तर त्याने तासाभरात पडलेच पाहिजे. त्यामुळे आजवर "कधीच न उडालेले" एखादे सर्किट नव्या डीबीवर पडू लागले, तर एमसीबी खराब निघाला असे समजून तिथे मोठा एमसीबी लावून घेऊ नका.

आता आरसीसीबीबद्दल. त्याला बाजारात अजूनही सर्रास ईएलसीबी म्हणतात. पहिल्यांचे निरीक्षण बरोबर आहे, निष्कर्ष मात्र चुकीचा आहे. आरसीसीबी फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला प्रवाह यांची सतत तुलना करतो आणि ३० मिलिअँपिअरचा फरक दिसला की ०.३ सेकंदाच्या आत पुरवठा तोडतो. जुन्या घरात तो पडतो, कारण तिथे खरोखरच कुठेतरी प्रवाह गळत असतो. ओलीने भिजलेला जंक्शन बॉक्स असेल, गीझरची कॉइल झिरपत असेल, नाहीतर कोणीतरी न्यूट्रल आणि अर्थ एकत्र बांधून ठेवलेले असतील. वयस्कर माणसे राहत असलेल्या घरात, आणि तेही गीझर बसवलेल्या न्हाणीघरात, ही गळती कळू नये म्हणून यंत्रच न बसवणे मला पटत नाही. जुन्या घरात एका सर्किटच्या फेजच्या जोडीला दुसऱ्याच सर्किटचा न्यूट्रल दिलेला असतो, त्यानेही तो पडतो.

माझा सल्ला असा की तिघांपैकी कोणाही एकाला, किंवा चौथ्या तटस्थ माणसाला, तपासणीचे वेगळे पैसे देऊन आधी मेगर (तारांचे इन्सुलेशन मोजणारे यंत्र) लावून घ्या. ५०० व्होल्टच्या मेगरवर प्रत्येक सर्किटची इन्सुलेशन किमान एक मेगाओहम यायला हवी. मेन लाइन कोणत्या धातूची आणि किती जाडीची आहे, घरात अर्थिंगची तार प्रत्यक्ष पोहोचते का, आणि प्रत्येक फ्यूजवर नेमके काय काय आहे, हे कागदावर लिहून घ्या. मग तीच यादी तिघांना द्या आणि त्याच यादीवर दर मागा.

---

कोल्हापुरी तारतंत्री

वरच्या उत्तरातील बहुतेक मुद्दे पटले, पण न्यूट्रलबद्दल एक दुरुस्ती करतो, कारण त्यावरून पैशांचा फरक पडेल. सगळ्या घराला मिळून एकच आरसीसीबी असेल आणि दोन्ही सर्किटे त्याच्याच खाली असतील, तर एकाचा न्यूट्रल दुसऱ्याकडे गेल्याने तो पडणार नाही, कारण गेलेला आणि आलेला दोन्ही प्रवाह अखेर त्याच आरसीसीबीतून जातात. अडचण तेव्हा येते जेव्हा दोन आरसीसीबी लावून घराचे दोन भाग केले जातात, किंवा काही एमसीबी आरसीसीबीच्या बाहेर ठेवले जातात आणि न्यूट्रलची पट्टी मात्र सगळ्यांना एकच राहते. दुसऱ्यांच्या कोटेशनमध्ये एकच आरसीसीबी आहे, तेव्हा न्यूट्रल वेगळे करण्याच्या नावाखाली कोणी तोडफोड सुचवू लागल्यास त्याला कारण विचारा.

तुमच्याकडे इन्व्हर्टर आहे, तिथे मात्र नक्की घोटाळा होतो. इन्व्हर्टरला जाणारा फेज आरसीसीबीच्या आधी काढलेला आणि त्या दिव्या-पंख्यांचा न्यूट्रल आरसीसीबीनंतरच्या पट्टीवर आणून बांधलेला, अशी जोडणी मी कित्येक घरांत पाहिली आहे. तिथे दिवा लावला की आरसीसीबी पडतो आणि माणूस म्हणतो, "बघा, जुन्या वायरिंगला हे चालत नाही." इन्व्हर्टरच्या सर्किटांची न्यूट्रल पट्टी स्वतंत्र हवी, आणि कोटेशनमध्ये तसे लिहिलेले हवे. दुसऱ्यांच्या आणि तिसऱ्यांच्या, दोघांच्याही कागदात इन्व्हर्टरचा उल्लेख नाही, याकडे लक्ष द्या.

दुसऱ्यांच्या कोटेशनमध्ये मला आणखी एक भोक दिसते. ६३ अँपिअरचा आयसोलेटर हा नुसता स्विच असतो, तो जास्त प्रवाहाला पडत नाही. आरसीसीबीलाही स्वतःला जास्त प्रवाहापासून संरक्षण नसते. मग ४० अँपिअरच्या आरसीसीबीतून त्याहून जास्त प्रवाह जाऊ लागला तर तो थांबवणार कोण? खाली मीटर केबिनमधला फ्यूज, ज्यात काय घातले आहे हे तुम्हाला ठाऊक नाही. म्हणून आयसोलेटरच्या जागी दोन पोलचा (फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा) एमसीबी मागा. तो ४० चा की ३२ चा, हे मेन लाइन पाहून ठरेल. पण आरसीसीबीपेक्षा मोठा मात्र नको. किमतीत फार फरक पडत नाही.

आता ८,५०० बद्दल थोडे बोलतो, कारण ते गृहस्थ माझ्याच व्यवसायातले आहेत. चांगल्या कंपनीचा दुहेरी दाराचा डीबी, आठ एमसीबी आणि दोन पोलचा मेन एवढेच घेतले तरी साडेचार-पाच हजार साहित्यातच जातात, आणि आरसीसीबी घेतला की त्यात आणखी दोन-अडीच हजारांची भर पडते. उरलेल्या रकमेत लाकडी बोर्ड उतरवणे, भिंतीला पेटी बसवणे, जुन्या तारांची टोके कापून नवी काढणे आणि संध्याकाळच्या आत घरात लाइट चालू करून देणे एवढे बसते, त्यापुढचे बसत नाही. जे बसत नाही ते नेमके काय, हे पेटीचे झाकण लावल्यावर दिसत नाही. धाग्यांच्या तारेला पिन किंवा लग (टोकाला दाबायची धातूची टोपी) न दाबता तशीच स्क्रूखाली कोंबणे, तांब्याच्या कंगव्यासारख्या बसबारऐवजी (सगळ्या एमसीबींना वीज देणाऱ्या पट्टीऐवजी) तारेचे तुकडे वापरून एमसीबीला एमसीबी जोडत जाणे, दोन कंपन्यांचे एमसीबी एकाच बसबारवर बसवून त्यांची उंची न जुळणे, आणि तक्रार येऊ नये म्हणून सगळीकडे सरसकट ३२ अँपिअरचे एमसीबी ठोकणे. यातले शेवटचे सर्वांत वाईट, कारण त्याने तुम्ही फ्यूजमध्ये पाहिलेल्या त्या पिळलेल्या धाग्यांचेच काम नव्या पेटीत होते.

म्हणजे ८,५०० सांगणारा माणूस खोटा आहे, असे मी म्हणत नाही. त्याला बहुतेक गिऱ्हाइके "एका ओळीत सांगा" असे म्हणतात, म्हणून तो एका ओळीत सांगतो. तुम्ही त्याला सविस्तर यादी दिलीत तर तो दर बदलेल आणि कदाचित काम चोखही करेल.

मेन लाइनबद्दल तिसरे बरोबर असण्याची शक्यता बरीच आहे. त्या काळच्या अनेक इमारतींत मीटरपासून वर अ‍ॅल्युमिनियमच्या तारा नेलेल्या आहेत. चार चौरस मिलिमीटरची अ‍ॅल्युमिनियमची तार पाइपातून गेली असेल, तर तिच्यावर सतत वीस अँपिअरच्या पुढे भार टाकू नये, आणि तुमचा गीझर, एसी, वॉशिंग मशीनचा हीटर व मायक्रोवेव्ह एकाच वेळी चालू झाले तर बेरीज तिसाच्या पुढे जाते. शिवाय नव्या डीबीत ती तार सरळ पितळी टर्मिनलमध्ये दाबली की अ‍ॅल्युमिनियम काळांतराने सैल पडते आणि तिथेच तापू लागते. वरची पेटी कितीही उत्तम घ्या, ही तार तशीच राहिली तर नव्या पेटीतही मेनपाशी तोच जळका वास यायला वेळ लागणार नाही.

---

सोसायटीची सचिव

तांत्रिक बाजू वरच्या दोघांनी मांडली आहे. आमच्या नाशिकच्या सोसायटीत या कामाच्या निमित्ताने जे वाद झाले, त्यांवरून मी फक्त कागदाबद्दल लिहिते, कारण दर ठरवताना लोक साहित्याकडे पाहतात आणि भांडण मात्र भलत्याच बाबीवर होते.

मीटर केबिनमध्ये मीटरला आणि त्याच्या आधीच्या भागाला महावितरणचे सील असते. त्याला हात लावण्याचा अधिकार तुमच्या इलेक्ट्रिशियनला नाही. मीटरच्या पुढची बाजू तुमची. मेन लाइन बदलताना मीटरच्या बाहेर निघणाऱ्या टोकापाशी सील उघडावे लागणार असेल, तर आधी शाखा कार्यालयात अर्ज करून त्यांचा माणूस बोलवावा लागतो. हे काम कोणाकडे, अर्ज कोण करणार आणि त्या दिवशी माणूस आला नाही तर मजुरीचा भुर्दंड कोणी सोसायचा, हे कोटेशनमध्ये लिहून घ्या. त्याच वेळी वीजबिलावरचा मंजूर भारही पाहा. जुन्या जोडण्यांचा मंजूर भार फार कमी असतो, आणि एसी-गीझर धरून तो वाढवून घ्यायचा असेल तर परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतो, जो पहिल्यांकडून बहुधा मिळणार नाही.

वायरिंगची कामे परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्यावीत, असे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे २०२३ चे सुरक्षा विनियम सांगतात. त्यामुळे परवान्याची प्रत मागण्यात संकोच करण्याचे कारण नाही, आणि प्रत मिळाली की तिच्यावरची मुदतही वाचा.

जिन्यातला पाइप सामाईक आहे. नवी मेन लाइन त्यातूनच जाणार की भिंतीवरून पट्टीतून, याला सोसायटीचे लेखी संमतीपत्र घ्या. आमच्याकडे एकाने न विचारता चर पाडली आणि वरच्या मजल्यावर जाणारी दुसऱ्याची तार तोडून ठेवली.

जीएसटीचाही हिशेब समान पातळीवर आणा. दुसऱ्यांच्या १९,४०० वर १८ टक्के धरले तर ते २२,८९२ होतात. जे नोंदणीकृत नाहीत त्यांना जीएसटी लावता येत नाही, म्हणून त्यांचा दर कमी दिसतो. पण मग साहित्याचे दुकानाचे पक्के बिल तुमच्या नावावर मागा. आरसीसीबी बिघडला तर कंपनी बिलावरच बदलून देते. बाजारात नामांकित कंपन्यांचे नकली एमसीबी येतात, तेव्हा साहित्यावरचा आयएसआय चिन्हाखालचा सीएम/एल (परवाना) क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपवर टाकून पाहा. दोन मिनिटांचे काम आहे.

उकरलेल्या भिंतीचे प्लास्टर कोण भरणार, हेही विचारा. बहुतेक इलेक्ट्रिशियन वरवर सिमेंट थापतात आणि रंगाचे काम तुमच्याकडे सोडतात. आणि काढलेली जुनी तांब्याची तार भंगारात बरे पैसे देते. ती कोणाची, हे आधी बोलून घेतलेले बरे.

---

पूर्वडोंबिवली

सर्वांचे मनापासून आभार. तुम्ही सांगितल्याप्रमाणे आधी तपासणी करून घेतली. दुसऱ्या ठेकेदारांनीच वेगळे शुल्क घेऊन मेगर लावला आणि आकडे लिहून दिले. ते येथे मांडतो, कारण त्यावरून माझा विचार बराच बदलला.

दिवे-पंख्यांची दोन्ही सर्किटे आणि स्वयंपाकघराचे सर्किट यांची इन्सुलेशन एक मेगाओहमच्या बरीच वर आली. न्हाणीघराचे सर्किट मात्र ०.२ मेगाओहमवर अडकले. गीझरची पिन काढून पुन्हा मोजल्यावर तेही वर गेले. म्हणजे दोष भिंतीतल्या तारेत नसून गीझरच्या कॉइलमध्ये आहे. आरसीसीबी बसवल्यावर तो गीझरमुळे पडू लागला असता, तर आम्ही सगळ्यांनी मिळून जुन्या वायरिंगला शिव्या घातल्या असत्या.

घरातल्या तारा तांब्याच्या निघाल्या, पण मेन लाइन चार चौरस मिलिमीटर अ‍ॅल्युमिनियमचीच आहे. तारतंत्रींचा अंदाज तंतोतंत खरा ठरला. मुख्य म्हणजे अर्थिंगची तार घरापर्यंत येते, परंतु खाली मीटर केबिनमध्ये जिथे ती सोसायटीच्या लोखंडी पट्टीला बांधली आहे, तिथला क्लॅम्प गंजून निसटला होता. बोटाने हलवला तर तार हातातच आली. म्हणजे घरातल्या तीन पिनच्या प्लगांना इतकी वर्षे नावापुरतीच अर्थिंग होती.

त्यावर यादी तयार करून तिघांना एकच पाठवली : आठ वेचा दुहेरी दाराचा डीबी, दोन पोलचा ४० अँपिअरचा मेन एमसीबी, ४० अँपिअर व ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, तारेच्या जाडीप्रमाणे एमसीबी, इन्व्हर्टरसाठी वेगळी न्यूट्रल पट्टी, तांब्याचा बसबार, प्रत्येक टोकाला लग, दहा चौरस मिलिमीटर तांब्याची मेन लाइन, खालचा अर्थिंगचा जोड नवा करणे, सर्किटांची नावे आणि काम झाल्यावर पुन्हा मेगर. एसपीडी तूर्त वगळला, कारण अर्थिंग प्रत्यक्षात किती चांगली आहे हे मोजल्याशिवाय त्याचा फारसा उपयोग नाही, असे तपासणी करणाऱ्यांनीच सांगितले. गीझर आणि एसीच्या तारा अडीच चौरस मिलिमीटरच्या आणि एकेकट्याच निघाल्यामुळे त्या बदलण्याचीही गरज उरली नाही.

आता आलेले दर असे : पहिले २१,५००, दुसरे २३,६०० अधिक जीएसटी, म्हणजे २७,८४८, तिसरे ३१,०००. साडेआठ आणि शेहेचाळीस हजारांतले अंतर एवढ्यावर आले. पहिल्यांनी आरसीसीबीला आता हरकत घेतली नाही, परंतु मेगर त्यांच्याकडे नाही आणि परवानाही नाही.

मंजूर भार वाढवायचा आहेच, म्हणून दुसऱ्यांना काम द्यावे असे माझे मत होत आहे. वडिलांना मात्र पहिल्यांबद्दल ओढा आहे, कारण रात्री-अपरात्री लाइट गेली तर धावून येणारे तेच आहेत.

---

निवृत्त देखभालवाला

अर्थिंगचा जोड सापडला ही या सगळ्यातली सर्वांत मोठी गोष्ट झाली. तोच क्लॅम्प इमारतीतल्या इतर घरांचाही असेल, तेव्हा सोसायटीला लेखी कळवा. तो खर्च एकट्या तुमच्या कोटेशनमध्ये असण्याचे कारण नाही. ती बाब वेगळी काढून दोघांकडून दर पुन्हा घ्या.

न्यूट्रलबद्दलची दुरुस्ती मला मान्य आहे. माझ्या नोकरीतल्या इमारतींत प्रत्येक विंगला दोन-दोन आरसीसीबी होते, म्हणून ते डोक्यात राहिले.

---

कोल्हापुरी तारतंत्री

वडिलांचा मुद्दा हसण्यावारी नेऊ नका. दुसऱ्यांकडून काम करून घ्या, आणि काम पूर्ण झाल्यावर पहिल्यांना बोलावून त्यांना झाकण उघडून दाखवा, म्हणजे रात्री येणाऱ्या माणसाला कोणता एमसीबी कशाचा, हे आधीच ठाऊक असेल. आमच्याकडे यात कोणी वाईट वाटून घेत नाही.

कामाचा क्रम सांगतो. गीझरची कॉइल आधी बदला, डीबी नंतर. नाहीतर गीझरमुळे आरसीसीबी पडला, तर आळ त्याच्यावरच येईल. त्या दिवशी पुरवठा सकाळपासून संध्याकाळपर्यंत बंद राहील, तेव्हा फ्रीज आदल्या रात्रीच रिकामा करा आणि वडिलांना काही उपकरण लागत असेल तर त्याची सोय बाहेर करा. इन्व्हर्टरच्या भरवशावर राहू नका, कारण काम चालू असताना त्याची बॅटरीही सोडवून ठेवावी लागते. ती सोडवली नाही तर मेन बंद असूनही दिव्यांच्या तारेत वीज असते, आणि आमच्यातले लोक तिथेच फसतात.

झाकण लावण्यापूर्वी आतला फोटो काढून ठेवा. मग चालू पुरवठ्यावर आरसीसीबीचे "टी" लिहिलेले बटण ठेकेदाराला तुमच्यासमोर दाबायला लावा. ते दाबताच आरसीसीबी खाली पडला पाहिजे. पडला नाही तर उरलेले पैसे थांबवा.